भोंगा किती वाजता?

संज्ञापन म्हणजे एकाकडची माहिती, इच्छा किंवा हुकूम दुसऱ्यापर्यंत पोचवणे आणि रंजन म्हणजे मोकळा वेळ सुखाचा करणे. या दोन गरजांसाठी विसाव्या शतकात बहुतेक काळ निरनिराळी साधने होती, त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या आणि वेळाही ठरलेल्या होत्या. तार पोस्टातून जाई, टेलिफोन कचेरीत किंवा एखाद्या अडत्याच्या दुकानात असे, सिनेमा टॉकीजमध्ये लागे आणि ज्याचा एक पाय बातम्यांत व दुसरा गाण्यांत होता तो रेडिओ घरातल्या फळीवर बसे. स्मार्टफोनने ही वाटणी मोडून सारी साधने एका खिशात आणली. तेव्हापासून या साधनाने रोजच्या जगण्याचे काय केले, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो, पण तो बहुधा भांडणातच विचारला जातो, आणि भांडणात एक पक्ष मुलांच्या डोळ्यांविषयी बोलत असतो तेव्हा दुसरा बँकेच्या ओटीपीविषयी बोलत असतो, त्यामुळे दोघेही खरे बोलूनही उत्तर हाती लागत नाही.

२०२२ हे वर्ष या वादात महत्त्वाचे ठरते, कारण त्या वर्षी दोन गावांनी हा प्रश्न घराबाहेर काढून गावापुढे ठेवला. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्टपासून असा नेम धरला की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद राहतील आणि त्या वेळात मुले अभ्यासाला बसतील. नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी या गावाने दुसरा मार्ग घेतला आणि अठरा वर्षांखालील मुलामुलींनी मोबाइल वापरू नये असा ठरावच ग्रामसभेत केला. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती दिलेला फोन शाळा उघडल्यावरही त्यांच्या हातून सुटला नाही, हे त्यामागचे कारण होते. वरवर पाहता दोन्ही निर्णय एकाच जातीचे दिसतात, पण एकाने वेळेला कुंपण घातले आहे आणि दुसऱ्याने वयाला, आणि हा फरक पुढील चर्चेत वाटतो त्याहून बराच मोठा निघतो.

दारव्हा हे त्याच यवतमाळ जिल्ह्यातले, पुसदहून दिग्रसच्या वाटेने उत्तरेला लागणारे तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर तिथली बाजारपेठ चालते, आसपास बंजारा समाजाचे तांडे आहेत, आणि किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या काळापासून यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी याच गावावरून जात असे. ती गाडी आता बंद आहे. म्हणजे दारव्ह्यात बसून पुण्यातल्या मुलाचा चेहरा क्षणात पाहता येतो, पण यवतमाळला जायचे तर एसटीचीच वाट पाहावी लागते. अशा गावात या वादाच्या दोन बाजू मांडणारी दोन माणसे येथे कल्पिली आहेत. एक निवृत्त शाळाशिक्षक, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणते. दुसरी त्यांचीच एकेकाळची विद्यार्थिनी, जी आता ‘आपले सरकार सेवा केंद्र’ चालवते, म्हणजे दाखल्यांपासून पीक विम्यापर्यंतची सरकारी कामे जिथे ऑनलाइन करून मिळतात ते दुकान. माणसे कल्पित असली तरी त्यांच्या युक्तिवादातली सामग्री कल्पित नाही.

गुरुजींची मांडणी घड्याळापासून सुरू होते. “नागपूरला आकाशवाणी आली १९४८ मध्ये,” ते म्हणतात, “आणि पुढची कितीतरी वर्षे विदर्भातल्या घरांना वेळ कळली ती रेडिओवरून. सकाळच्या बातम्या लागल्या की चहा, संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की बैल बांधून झालेले असत, बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, आणि रात्रीची सभा संपली की रेडिओ आपोआप गप्प. यंत्रालाच शेवट होता, म्हणून ऐकणाऱ्यालाही शेवट होता.” सभा हा आकाशवाणीचा शब्द; दिवसभराच्या प्रसारणाचे जे दोन-तीन भाग पाडलेले असत त्यांपैकी प्रत्येकाला सभा म्हणत. दूरचित्रवाणीलाही गुरुजी याच मापाने मोजतात. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले, आणि २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी साडेनऊला ‘रामायण’ लागू लागले तेव्हा रस्ते ओस पडत हे खरे असले, तरी तासाभराने ते पुन्हा भरत. त्यांच्या मते जुन्या साधनांत दोन गुण होते: ती संपत, आणि ती चारचौघांत वापरली जात, त्यामुळे घरातला पोरगा काय पाहतो-ऐकतो हे आईबापांना विचारावे लागत नसे. आता एका खोलीत चार माणसे चार पडद्यांसमोर बसतात आणि कोण कुठल्या जगात आहे हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून बान्सीचा ठराव त्यांना पटतो, आणि दारव्ह्यानेही तसा विचार करावा असे त्यांचे म्हणणे आहे.

केंद्रचालिकेचा पहिला आक्षेप त्या चारचौघांवर आहे. “गुरुजी, त्या रविवारी टीव्हीपुढे कोण कुठे बसायचे, तेही आठवा. सतरंजीवर घरचे पुरुष आणि पाहुणे, दारात शेजारची पोरे, खिडकीबाहेर उभे राहून पाहणारी वेगळी. ती बाहेर का उभी असत, हे गावाला सांगावे लागत नव्हते. आणि घरच्या बाया स्वयंपाकघरातून आवाज ऐकत. सगळ्यांनी मिळून पाहिले म्हणतो ते खरे, पण ते सगळे म्हणजे कोण?” तिचे म्हणणे असे की सामूहिक रंजनाची जी आठवण आज गोड वाटते ती बहुधा आत बसलेल्यांची आठवण असते. हा मुद्दा गुरुजींना नाकारता येत नाही आणि ते नाकारतही नाहीत.

तिचा दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे, कारण तो गुरुजींच्याच बुधवारवर येतो. “बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत, म्हणून आकाशवाणीवरून ती गाणी जवळपास हद्दपार झाली आणि शास्त्रीय संगीताला मानाची जागा मिळाली. ऐकणाऱ्यांनी काय केले? काटा फिरवून सिलोन लावले. गीतमाला फोफावली ती या बंदीच्या पाण्यावर, आणि शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. तुम्ही ज्या बुधवारची आठवण काढता तो बुधवारच मुळी वडीलधाऱ्यांची बंदी चुकवून मिळवलेला आहे.” बान्सीतल्या सोळा वर्षांच्या पोराकडेही असाच काटा आहे, तो फक्त मित्राच्या घरी किंवा शेतातल्या मचाणावर फिरवला जाईल, असे तिचे भाकीत आहे.

गुरुजी यावर जे उत्तर देतात ते त्यांच्या बाजूचे सर्वांत भक्कम उत्तर मानले पाहिजे. “काटा हाताने फिरवावा लागे, बेटा. सिलोन लावणाऱ्याला सिलोन हवे होते. आज काटा स्वतःच फिरतो.” हे अलंकारिक वाटले तरी तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. रील म्हणजे थोडक्या वेळाची उभी चित्रफीत. ती संपताच बोट वर सरकले की दुसरी येते, आणि दुसरी कोणती यावी हे पाहणारा ठरवत नाही, तर शिफारस-पद्धती ठरवते, म्हणजे आधी काय पाहिले, कुठे थांबले, काय टाळले, याच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधणारी गणनाप्रणाली. तिचे उद्दिष्ट माणसाला अधिक वेळ पडद्याशी धरून ठेवणे हे असते, कारण तिच्या मालकाचे उत्पन्न जाहिरातींतून येते आणि जाहिरात पाहायला डोळे लागतात. अवधान, म्हणजे एका गोष्टीकडे मन लावण्याची माणसाची मर्यादित शक्ती, हीच माहितीच्या सुकाळात दुर्मिळ वस्तू होते, हे अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. त्या दुर्मिळ वस्तूचा बाजार भरण्यास भारतात निमित्त झाले ते ५ सप्टेंबर २०१६ रोजी बाजारात आलेल्या जिओचे, कारण त्यानंतर इंटरनेटचा दर इतका उतरला की महिन्याचे रिचार्ज मारल्यावर रोजचा डेटा उरतो आहे म्हणून पाहायचे, अशी उलटी सवय लागली. रेडिओच्या काळात वेळापत्रक आकाशवाणीचे होते हे खरे, पण ते छापील होते, सर्वांना सारखे होते आणि त्याला रात्र होती.

गुरुजी एवढ्यावर थांबत नाहीत. रंजनाचे यंत्र आणि निरोपाचे यंत्र एक झाल्याचा जो सर्वांत भीषण परिणाम महाराष्ट्राने पाहिला तो ते पुढे ठेवतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी ही माणसे मुले पळवणाऱ्या टोळीतली आहेत अशी समजूत व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांनी आधीच तयार करून ठेवली होती. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचापेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये अशी मर्यादा व्हॉट्सॲपने घातली. केंद्रचालिका म्हणते की अफवा फोनच्या आधीही होत्या, आणि परक्या, भटक्या, भीक मागणाऱ्या माणसाविषयीचा संशय गावात व्हॉट्सॲपने आणलेला नाही. हे म्हणणे खरे असले तरी येथे तिची बाजू लंगडी पडते. संशय जुना असला तरी त्याला चित्रफितीचा पुरावा आणि एका सकाळीत तालुकाभर पोचण्याचा वेग मिळाला तो या साधनामुळेच. ज्या हाताने रील सरकवली जाते त्याच हाताने, त्याच सवयीने, न वाचता संदेशही पुढे सरकवला जातो.

आपली बाजू सावरण्यासाठी केंद्रचालिका चर्चा दुसऱ्या दाराने आत आणते, आणि ते दार टेलिफोनचे आहे. ज्यांच्या घरी फोन नसे ते शेजाऱ्याचा ‘पी.पी. नंबर’ देत, म्हणजे ज्या नंबरावर फोन आल्यावर घरमालकाने हाक मारून बोलावून घ्यायचे असा उसना नंबर. दारव्ह्याहून नांदेडला किंवा अकोल्याला दिलेली मुलगी महिन्यातून एकदा पीसीओवरून, काचेच्या खोक्यात उभी राहून, लाल आकडे पळताना पाहत, माहेरच्या अशा नंबरावर फोन करी. रात्री उशिरा दर एक चतुर्थांश होत, म्हणून बोलण्याची वेळसुद्धा दरपत्रक ठरवी. तिकडे नवरा किंवा दीर शेजारी उभा, इकडे आई शेजाऱ्यांच्या बैठकीत, त्यांच्या सगळ्या माणसांदेखत रिसीव्हर धरून उभी. “त्या फोनवर मुलगी काय सांगणार?” केंद्रचालिका विचारते. “सगळं बरं आहे, एवढंच. वर्षानुवर्षे सगळं बरं आहे. आज तीच मुलगी गच्चीवर वाळवण घालताना आईशी दहा मिनिटे खरे बोलते. तुम्ही म्हणता कोण काय बोलतो हे घराला कळत नाही. त्या मुलीसाठी हीच तर मिळकत आहे.”

खासगीपणा म्हणजे आपल्याविषयीची कोणती गोष्ट कोणाला कळावी हे स्वतः ठरवण्याचा अधिकार, अशी त्याची साधी व्याख्या करता येते, आणि दारव्ह्यासारख्या गावात तो अधिकार पुरुषांना ओट्यावर, पानठेल्यावर, शेतात आधीपासून मिळत होता. स्त्रियांना तो पहिल्यांदा फोनने दिला, तोही सर्वांना दिलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के आढळले, म्हणजे उरलेल्यांच्या घरात फोन असला तरी तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. अठरा वर्षांखालील सर्वांना बंदी, असा ठराव झाला तर तो मुलाला आणि मुलीला सारखाच लागू होईल असे कागदावर दिसेल, परंतु मुलगा तो मोडेल आणि मुलीकडून तो पाळून घेतला जाईल, हे केंद्रचालिकेचे निरीक्षण आहे. गुरुजी या ठिकाणी बराच वेळ गप्प राहतात. मग एवढेच म्हणतात की आईशी रोज बोलणारी मुलगी सासरी रुळत नाही अशी तक्रार त्यांच्या ऐकण्यात येते; ही तक्रार बहुधा सासऱ्यांकडून येते, हेही लक्षात घ्यायला हवे.

यानंतर वाद रंजनाकडून कामाकडे वळतो, आणि या भागात दोघेही आपापल्या अनुभवाच्या जमिनीवर उभे असल्याने तो अधिक तपशिलाचा होतो. केंद्रचालिका सांगते की ज्या फोनला गुरुजी खेळणे म्हणतात त्याच्यावाचून दारव्हा तालुक्यातल्या शेतकऱ्याला आता सरकारपुढे उभेही राहता येत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ लागू झाली, म्हणजे शेतात कोणते पीक उभे आहे त्याची नोंद तलाठ्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन, फोनमधून छायाचित्र काढून करायची. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे ज्याला सगळे सीसीआय म्हणतात त्याला, हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी करणे आले. बांधावर रेंज नाही, घरी येऊन छायाचित्र चालत नाही, ॲप पुढे सरकत नाही, आणि आधारला जोडलेला नंबर तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा असतो. अशा वेळी ते काम कोण करतो? “घरातली पंधरा-सोळा वर्षांची पोरगी किंवा पोरगा. बाप बांधावर उभा, फोन पोराच्या हातात. बान्सीचा ठराव अक्षरशः पाळला तर अर्ध्या तालुक्याची पीक पाहणी होणार नाही, गुरुजी.”

गुरुजींना माहितीच्या या महत्त्वाविषयी शंका आहे, आणि तिला या जिल्ह्यात दुःखद आधार आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा फोन घरोघरी होते, स्वस्त इंटरनेटला वर्ष झाले होते, किसान कॉल सेंटरचा मोफत नंबर तर २००४ पासून होता. “मग कोणते औषध कशात मिसळायचे नाही, वाऱ्याच्या दिशेने पंप कसा धरायचा, ओले कपडे अंगावर का ठेवायचे नाहीत, हे त्या मजुरापर्यंत का पोचले नाही? गाणी पोचली होती. सिनेमे पोचले होते.” त्यांचा निष्कर्ष असा की माहिती उपलब्ध असणे आणि ती योग्य माणसाला योग्य वेळी विश्वासाच्या तोंडून मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीला सल्ला म्हणतात आणि तो त्या वर्षीही कृषी केंद्राच्या काउंटरवरच मिळत होता, जसा मिळत होता तसा. केंद्रचालिकेने याला दिलेले उत्तर थोडक्यात असे की त्यात दोष फोनचा नसून फोनवर काय पाठवायचे हे ठरवणाऱ्यांचा आहे. या उत्तराने गुरुजींचे समाधान होत नाही, आणि ते व्हावे असेही काही त्यात नाही.

दोघांचा सूर जुळतो तो अनपेक्षितपणे एका छोट्या पेटीवर. शेतीपंपाला वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळते, आणि ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते त्या आठवड्यात हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यायला मध्यरात्री शेतात जावे लागते, जिथे साप असतात आणि रानडुकरे असतात. मोटारीच्या पेटीत सिमकार्ड घालून बसवलेला मोबाइल स्टार्टर आता पुष्कळ शेतांत दिसतो. घरून त्या नंबरावर फोन लावला की मोटार सुरू होते, वीज गेल्याचा किंवा आल्याचा निरोप परत येतो. बारे फिरवायला माणूस जावाच लागतो, पण मोटार चालू करण्यापुरती अंधारातली फेरी वाचते. “हे साधन कोणाचा वेळ खात नाही,” गुरुजी मान्य करतात, आणि लगेच पुस्ती जोडतात की मोटार लावायला बाराला उठलेला माणूस नंतर एक वाजेपर्यंत काय पाहत बसतो तेही पाहावे. केंद्रचालिका यावर हसते, कारण तिलाही ते ठाऊक आहे.

तांड्यांची गोष्ट याच ओघात निघते, पण ती थोडक्यात सांगून पुढे जाता येईल अशी नाही. दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातल्या तांड्यांतून ऊसतोडीला आणि शहरांत बांधकामावर जाणारी कुटुंबे कधी लेकरांना आजी-आजोबांपाशी ठेवून जातात, आणि चार-सहा महिने त्या लेकरांचे आईबाप म्हणजे संध्याकाळी पडद्यावर दिसणारे दोन चेहरे असतात. उसाच्या फडावरून कोपीत परतून चूल पेटवल्यावर आईला जी वेळ मिळते ती साधारण सात ते आठ. शिवाय गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, हिला आकाशवाणी-दूरदर्शनच्या वेळापत्रकात मिळेल तेवढ्याच जागेवर समाधान मानावे लागे. आज होळीच्या लेंगीगीतांपासून लग्नाच्या गाण्यांपर्यंत त्या बोलीतले गाणे तांड्यातलाच एखादा तरुण यूट्यूबवर टाकतो आणि पुण्यातल्या बांधकामावरचा मजूर ते ऐकतो. रंजन वाढले की संस्कृती बुडते, हे विधान करताना कोणाची संस्कृती आधी प्रसारणात होती, हे विचारावेच लागते. गुरुजी, ज्यांनी आयुष्यभर शुद्धलेखन शिकवले, ते येथे एवढेच म्हणतात की त्या गाण्यांचे शब्द कोणी लिहून ठेवत असेल तर बरे.

या सगळ्यानंतर बान्सी बाजूला पडते आणि चर्चा वडगावच्या भोंग्यावर येते. वडगावच्या नेमाचे वैशिष्ट्य असे की तो मुलांसाठी असला तरी मुलांवरच लादलेला नाही. भोंगा वाजल्यावर आईची मालिका बंद होते, बापाचा फोन बाजूला पडतो, आणि मुलाला अभ्यासाला बस म्हणणारा माणूस स्वतः रील पाहत नसतो. वयावरची बंदी मोठ्यांना काहीच करायला लावत नाही, म्हणून ती ठरावात सोपी आणि घरात अवघड असते. गुरुजी याला विदर्भातलाच आधार देतात: राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव रुजवलेली सामुदायिक प्रार्थना ही संध्याकाळची ठरलेली वेळ होती, तिला लहानथोर एकत्र बसत, आणि तिथे भोंग्याचीही गरज पडली नाही. केंद्रचालिका सुचवते की तिथे दंडही नव्हता, ही गोष्ट ठराव लिहिताना विसरू नये.

आता प्रश्न उरतो तो दारव्ह्याचा. दारव्ह्यात नगर परिषद आहे. ग्रामसभा बोलावून हात वर करून घ्यावेत अशी सोय तिथे नाही, म्हणून गुरुजी एकाच वॉर्डापासून सुरुवात करावी म्हणतात, वेळ वडगावचीच, सात ते साडेआठ. केंद्रचालिकेला कल्पना मान्य आहे, वेळ मान्य नाही. खरिपाच्या पीक विम्याची मुदत जुलैअखेर संपत आली की दिवसा सर्व्हर डाऊन असतो. शेतकरी शेतातून येऊन, हातपाय धुऊन तिच्या काउंटरवर पोचतो तो सातनंतरच. अर्ज भरत आणावा तर शेवटी ओटीपी लागतो, म्हणजे ओळख पटवण्यासाठी फोनवर येणारा आणि काही मिनिटांतच बाद होणारा आकडा, आणि तो आकडा ज्या फोनवर येतो तो घरी, कारण घरात स्मार्टफोन एकच. मग बाप दुकानातून दुसऱ्याच्या फोनवरून घरी लावतो, “ओटीपी सांग लवकर,” आणि ज्या पोराने सात ते साडेआठ फोनला हात लावायचा नाही तेच पोर तो आकडा वाचून दाखवते. “भोंगा कोणासाठी थांबवायचा, गुरुजी? पोरासाठी की सर्व्हरसाठी?”

गुरुजी सवलतींची यादी करायला घेतात. आशाताईंचा फोन चालू राहील. ज्या घरात बाळंतपण जवळ आले आहे, तिथला चालू राहील. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचा फोन येईल तो घ्यायचा. ओटीपीचे काय, यावर दोघांचे जमत नाही; गुरुजी म्हणतात अर्ज सहाच्या आत घ्यावेत, ती म्हणते सहाला शेतकरी शेतात असतो आणि सर्व्हर कुठे असतो ते कोणालाच माहीत नसते, तेव्हा वॉर्डाच्या बैठकीला नगरसेवकाबरोबर तालुका कृषी कार्यालयातलाही कोणीतरी बोलवावा. क्रिकेटसाठी सवलत मागायला तरुण मंडळी येणार हे दोघांनाही दिसते आहे, कारण आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो. पण तो हंगाम मार्च सरता सरता लागतो आणि दहावी-बारावीचे पेपर तोवर आटोपलेले असतात, म्हणून भोंगा जूनपासून मार्चपर्यंतच वाजवावा यावर मात्र त्यांचे लगेच एकमत होते.